गदा येईपर्यंत

कोल्हापुरात पैलवान ढिगानं सापडतील. पण चिनी मातीची बशी धुताना श्वास रोखून धरणारा पैलवान अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. वय सत्तरीच्या पुढं, उंची दारात वाकायला लावणारी, दोन्ही कान कुस्तीत मोडून कांदाभज्यांसारखे झालेले, आणि पंजा असा की त्यात पाण्याचा तांब्या औषधाच्या टोपणाएवढा दिसावा. याच पंजानं त्यांनी एके काळी भल्याभल्यांना आभाळ दाखवलं. तोच पंजा शनिवारी सकाळी सोनेरी काठाचा एक कप दोन बोटांत असा उचलतो, जसं काही कोंबडीचं काल जन्मलेलं पिल्लूच. कप परत खाली टेकला की मग ते श्वास सोडतात, आणि त्यांच्यापाठोपाठ घरातले आम्ही सगळे.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्ती. मामा मला बघायला राधानगरीकडच्या आमच्या गावी आले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या घराण्यात पदवीचा कागद घरी आणणारी मी पहिली, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, त्यामुळं इथंही सांगून टाकलं. वडिलांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर तयार ठेवला होता. मामांनी तिकडं ढुंकून बघितलं नाही. मी चहा फिरवत होते आणि ते माझ्या हातांकडं बघत होते. मग एकदम त्यांचा आवाज घुमला, "का गं पोरी, कप कानाला धरून का न्हाय दिलास? खालनं का धरलास?"

मी आपलं खरं ते सांगितलं, "कप शेजारचे हायत. कान तुटला तर काय सांगायचं त्यांना?"

मामांनी चहा एका घोटात संपवला, कप दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि वडिलांना म्हणाले, "पावणं, पोरगी पसंत हाय."

"पण तिचं शिक्षण..." वडील पिशवी पुढं करत म्हणाले.

"असंल की," मामा म्हणाले आणि चपला घालायला उठले.

या 'असंल की'चा राग मी दोन वर्षं धरला. रात्री चिमणीच्या उजेडात अभ्यास केला असं नव्हे, पण दोन एसट्या बदलून कॉलेजला गेलेल्या मुलीला कुणी शिक्षणाबद्दल 'असंल की' म्हटलं, तर तिनं राग धरू नये तर काय करावं?

लग्नानंतर बाकीच्या सुनांना देवघर दाखवतात. मला कसबा बावड्यातल्या त्या घरात आधी कपाट दाखवण्यात आलं. कपाट आत्तींच्या माहेरचं, पोलादी. पण त्यात आत्तींची एकही साडी नव्हती, साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत. किल्ली मामांच्या करदोट्याला. त्यांनी दार उघडलं, आणि खरं सांगते, मी आ वासला. वरच्या कप्प्यात बारा मोठ्या ताटल्या आणि बारा लहान. दुधाच्या सायीसारखा रंग, काठाला सोनेरी रेघ आणि तिच्या आत निळ्या फुलांची वेल. मधल्या कप्प्यात बारा कप, बारा बशा, साखरेचं भांडं. खाली मखमली खणांची लाकडी पेटी, तिच्यात चांदीचे बारा चमचे, बारा काटे, बारा सुऱ्या, आणि मधोमध हातभर लांब दांड्याचा एक चांदीचा डाव, सूप वाढायचा. या डावाला मामा 'वस्ताद' म्हणायचे, कारण तो एकटा होता आणि बाकीचे त्याच्याभोवती गप्प पडून असायचे.

दर दोन ताटल्यांच्या मध्ये जुन्या कापडाची एक गोल चकती होती. कापड इतकं मऊ की गालाला लावावं. मी लावणारच होते. आत्तींनी मागनं माझा पदर ओढला आणि कानात सांगितलं, "ठेव ते खाली. त्यांचं लंगोट हायत." कुस्ती सोडल्यावर मामांनी आपले सगळे जुने लंगोट उकळत्या पाण्यात धुऊन, ताटली ठेवून पेन्सिलीनं गोल आखून कापले होते. शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं त्यासारखं दुसरं कापड बाजारात मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं कसं म्हणणार?

शनिवार हा मारुतीचा वार, म्हणून धुण्याचा वार तोच. त्या दिवशी सकाळी पंखा बंद, मोबाईल बंद, मांजर बाहेर. आत्तींनी आणि मी बांगड्या काढून ठेवायच्या, आणि तरी हात लावायचा नाहीच. बांगड्या नुसतं जवळ बसण्यासाठी काढायच्या. प्लास्टिकच्या टपाच्या तळाशी टॉवेल अंथरायचा. पाणी किती कोमट, ते मामा कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. एका वेळी टपात एकच नग. "आखाड्यात एका येळंला जोड एकच," ते म्हणायचे, "गर्दी झाली की हाड मोडतं." काथ्या, राख, चिंच, भांड्याची पावडर यांना बंदी. चांदीला शाळेच्या पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड, आणि तीही लांबट हातानं घासायची, गोल गोल नाही. कप कानाला धरून उचललेला दिसला की ते स्वतःच्या मोडक्या कानावर बोट ठेवायचे. "ह्यो बघ. एकदा मोडला की परत येत न्हाय. माझं चालून गेलं. कपाचं चालत न्हाय."

सगळं पुसून झालं की हजेरी. मामा मांडी घालून समोर बसायचे आणि तालमीत घ्यावी तशी खणखणीत आवाजात हजेरी घ्यायचे. "मोठ्या ताटल्या बारा!" उत्तर आत्तींनी द्यायचं. "हजर." "काटं बारा!" "हजर." "वस्ताद!" "पडल्यात की तुमच्या म्होरं," आत्ती एखाद्या दिवशी वैतागून म्हणायच्या. "हजर म्हण," मामा शांतपणे सांगायचे.

आणि एवढं सगळं करून त्या ताटल्यांत कुणी कधी जेवलं नव्हतं. आमदारकीला उभे राहिलेले पाहुणे आले, त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा. माझे आईवडील आले, स्टीलच्या ताटात तांबडा-पांढरा रस्सा. आमच्या ह्यांना साखर कारखान्यात बढती मिळाली, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "मामा, आज तरी काढूया की." मामा माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी शेजारणीचं मंगळसूत्र घालून मिरवायला मागितलं होतं.

याचं कारण मला आत्तींनी मेथी निवडता निवडता सांगितलं. चाळीसेक वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेत तिथल्या इनामदारांनी चांदीची गदा बक्षीस लावली होती. मामांची जोड सांगलीकडच्या एका नावाजलेल्या पैलवानाशी. मामांनी त्याला चितपट केला, गावानं खांद्यावर घेतलं, आणि गदेचा पत्ताच नाही. इनामदारांचा जमाना उतरला होता. बोलून बसले होते, पण गदा घडवण्याजोगं हाताशी काही राहिलं नव्हतं. त्यांनी मामांना बंगल्यावर बोलावलं, जेवणघरातली ही ताटं-कप आणि चांदीची पेटी पुढं ठेवली आणि म्हणाले, "पैलवान, गदा घडवायला टाकलीय. ती येईपर्यंत हे तुमच्याकडं असू द्या."

"सगळ्या गावाला कळलं," आत्ती म्हणाल्या, "की इनामदार सरकारांनी घरात हुती ती चांदी दिली आन् लाज राखली. एक ह्यांनाच कळलं न्हाय. हे म्हंत्यात, ठेव हाय. गदा आली की जशीच्या तशी परत करायची."

"आणि गदा?"

"येतीया की. चाळीस वरसं झाली. वाटंतच हाय."

मामांनी कधी विचारायला जायचं नाव काढलं नाही. मागितला की शब्द हलका होतो, असं त्यांचं मत. पुढं इनामदार वारले, त्यांची माणसं पुण्याला गेली, बंगला विकला गेला. मामा दर शनिवारी कोपर बुडवून पाणी बघत राहिले. आत्तींची तक्रार एवढीच होती, आणि ती त्या महिन्यातून एकदा तरी करायच्याच: "मला एक डाव त्या कपातनं च्या प्यायचाय बाई. एकच डाव. मग उचलून न्या मला."

त्या दिवशी मला माझे शेजारचे कप आठवले, आणि मामांनी मला कशाबद्दल पसंत केलं होतं तेही कळलं. राग थोडा उतरला. पण 'असंल की' विसरले नाही.

पुढची गोष्ट माझ्या फजितीची आहे, आणि मी ती लपवणार नाही. पेटीची मखमल उसवली म्हणून मामांनी ती शिवायला टाकली आणि चांदी तेवढ्यापुरती माझ्या ताब्यात दिली. मी हुशारी केली. सहा-सहा नग एकत्र करून भाजीच्या जुडीची रबरं लावली आणि डब्यात ठेवले. शनिवार यायच्या आत डबा उघडला, तर प्रत्येक काट्याच्या कमरेला काळाकुट्ट पट्टा, जणू सगळ्यांना नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधलाय. रबरात गंधक असतं, गंधक चांदीला काळं करतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. लिहिलं होतं ते घरात वापरायचं असतं, एवढंच राहून गेलं होतं. मामा पौर्णिमेला नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेले होते, संध्याकाळी परतणार. मी पातेल्याच्या तळाला पोळ्या गुंडाळायचा चांदीसारखा कागद पसरला, त्यावर काटे मांडले, खायचा सोडा टाकला आणि उकळतं पाणी ओतलं. कुजलेल्या अंड्याचा थोडा वास आला, आणि नेमके त्याच वेळी मामा प्रसादाचे पेढे घेऊन दारात.

"काटं शिजवालीस व्हय गं?" एवढंच ते बोलले. खाली बसले. पेढ्यांची पुडी हातातच राहिली.

मी एक काटा चिमट्यानं उचलला, पुसला आणि त्यांच्या हातात दिला. पट्टा गेला होता. घासलं नव्हतं, ओरखडा नव्हता, चांदी जिथल्या तिथं. मामांनी तो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग मी त्यांना रबराबद्दलही सांगितलं, कारण चूक माझी होती आणि विद्याही माझी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कालेजात शिकीवलं?"

"व्हय."

"आत्ती," त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली. बायकोला ते आमच्याच नावानं हाक मारायचे. "ऐकलंस का? पोरगी शिकल्याली हाय!"

दोन वर्षांनी का होईना, दखल घेतली गेली. त्या शनिवारपासून मला बांगड्या काढून पुसायला बसायचा मान मिळाला.

मग महापुराचं वर्ष आलं. पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं आणि सगळ्यांना उंचावरच्या शाळेत हलवलं. लोकांनी गॅसची टाकी घेतली, टीव्ही घेतला, म्हशी सोडल्या. मामांनी गोधड्यांत गुंडाळलेले दोन खोके डोक्यावर घेतले आणि छातीभर पाण्यातून असे चालत गेले, की नावेतली माणसं वल्ही थांबवून बघत राहिली. शाळेत पोचल्यावर मला आठवलं, माझा पदवीचा कागद भिंतीवरच राहिला. मी तिथं बाकावर बसून रडले. मामांनी खोका उघडला. सहाव्या आणि सातव्या ताटलीच्या मध्ये, वर एक लंगोट आणि खाली एक लंगोट, असा माझा कागद होता. "घरात फुटण्याजोगं म्हणून जे हुतं," ते म्हणाले, "ते सगळं घेतलं."

त्यानंतर कधीतरी मामांचे हात थरथरायला लागले. आधी सुपारी कातरताना, मग सही करताना. एका शनिवारी कप बशीवर ठेवताना तो किणकिणत राहिला, बराच वेळ, आणि आम्ही तिघं तो आवाज ऐकूच येत नसल्यासारखे बसलो. हजेरी झाली. मामा उठले नाहीत. म्हणाले, "सूनबाई, चाळीस वरसं लोकाची वस्तू संबाळली. आता माझ्या हातनं फुटायच्या आत पोचती झाली पायजे. गदा ऱ्हाऊ दे. ठेव जाऊ दे." बशी फुटण्यापेक्षाही मोठं काहीतरी त्या किणकिणण्यात होतं, हे मला कळलं. लोकाची वस्तू त्यांच्या हातून गेली असती, तर ते पुन्हा उठलेच नसते.

मी फोन फिरवले. मला लाज वाटत नाही, मी कुणालाही फोन करते. शेवटी इनामदारांची नात सापडली; पुण्यात नोकरी करणारी, माझ्याच वयाची. आजोबांच्या ताटल्या कुणाकडं आहेत याचा तिला काही पत्ता नव्हता, पण येते म्हणाली.

त्या दिवशी मामांनी फेटा बांधला. आमच्याकडं टेबल नाही, म्हणून कॉटवर पांढरं धोतर अंथरून सगळं मांडलं. इनामदारांच्या या ताईसाहेब आल्या, जीन्स घालून, आणि दारातच थबकल्या. चाळीस वर्षांपूर्वीचं ते सगळं काल दुकानातून आणल्यासारखं चमकत होतं. त्यांनी एक चकती उचलून गालाला लावली. "किती मऊ आहे! कसलं कापड हे?"

आत्तींना जोराचा ठसका लागला. मामा मात्र ताठ उभे. "माझं लंगोट हाय ते, ताईसाहेब. जिकल्यालं."

बाईंनी चकती हळूच खाली ठेवली. पण कौतुक करण्यासारखी गोष्ट ही, की हसल्या नाहीत. मामांनी हजेरी घेतली, पहिल्या ताटलीपासून वस्तादापर्यंत. मग हात जोडले. "मोजून घ्या. एक टवका उडाल्याला न्हाय. आन् गदंचं काय मनात आणू नका."

"गदा?" त्या म्हणाल्या. "कसली गदा?"

मामांनी फेट्याचा शेमला खांद्यावर सारखा केला, पुन्हा केला. एवढा मोठा माणूस एवढा लहान झालेला मी कधी बघितला नव्हता. मग मी मध्ये पडले आणि जत्रा, कुस्ती, इनामदारांचा शब्द, सगळं सांगून टाकलं.

ऐकता ऐकता त्या कॉटच्या कडेवर बसल्या. "म्हणजे ते तुम्ही!" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं मोठी माणसं जेवायला आली आणि स्टीलची ताटं बघून त्यांनी बंगल्यातली ती सोनेरी ताटं कुठं गेली असं विचारलं, की आजोबा म्हणायचे, 'एका पैलवानानं जिंकून नेली.' आजी सांगायची. ते सांगताना त्यांची छाती फुगायची म्हणे."

"जिकून?" मामांनी विचारलं. "सरकार असं म्हणायचं? जिकून?"

"शेवटपर्यंत असंच म्हणायचे."

मामा खाली बसले. त्या बाईंनी इकडंतिकडं बघितलं, पेटीतून तो मोठा डाव उचलला, आणि दोन्ही हातांवर आडवा धरून मामांच्या पुढं केला. मामा उठले, वाकून तो घेतला आणि गदा घेतात तसा उजव्या खांद्यावर ठेवला. त्या खांद्यावर तो वस्ताद कानकोरण्याएवढा दिसत होता. कुणी हसलं नाही. मी मोबाईल काढून फोटो घेतला; तो आता माझ्या पदवीच्या कागदाशेजारी भिंतीवर आहे.

आत्ती पदर खोचून उठल्या. "बरं. गदा आली," त्या म्हणाल्या. "आता च्या कशात ओतू?"

मामांनी स्वतःच्या हातानं एक कप पुढं केला. आत्तींनी तो खालून धरला, फुंकर घातली, घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. "साखर कमी पडलीया," आत्ती म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

तेव्हापासून रविवारी आम्ही त्या ताटल्यांत जेवतो. तांबड्या रश्श्यानं एकीच्या निळ्या वेलीला हळदीची झाक आली आहे, ती माझ्या केमिस्ट्रीनंही जात नाही. शनिवारचं धुणं मी करते, मामा समोर बसून हजेरी घेतात. गेल्या महिन्यात त्यांना हुक्की आली, एक बशी तरी मीच पुसणार म्हणाले. मी दिली. हात थरथरला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात फुटल्याचा आवाज झाला.

आत्तींनी तोंडावर हात ठेवला. मी तर मामांकडं बघूच शकले नाही. मामा वाकले, सोनेरी काठाचा एक तुकडा उचलला, गुडघ्यावर पडलेल्या लंगोटाच्या चकतीनं तो आधी नीट पुसला, लांबट हातानं. मग श्वास सोडला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "आपलीच हुती."